व्यत्यास

उद्यमबागेतल्या फौंड्रीत मी पगार करते.
एकशे बारा माणसं, एकोणीस रकाने,
सहा तारखेला चिठ्ठ्या फाडून वाटायच्या.
चिठ्ठी कन्नडात आणि इंग्रजीत निघते.
भैरू यळ्ळूरकरांना दोन्ही वाचता येत नाहीत,
म्हणून मी त्यांना ती मराठीत वाचून दाखवते.
छापलेलं असतं मूल वेतन, मी म्हणते मूळ.
एका ळ-ची सीमा.
दर महिन्याला ओलांडते, कुणी अडवत नाही.

भैरूमामांचं काम ऐकायचं.
वाळू झडलेली व्हॉल्व्हची बॉडी साखळीला टांगायची,
हातोडीचा एकच टोला.
खणखणीत, तर डावीकडे.
बद्द, तर पुन्हा भट्टीत.
सत्तावीस वर्षं.
तापासाठी कधी रजा टाकली नाही,
कानात मळ झाला तेव्हा दोन दिवस टाकली.

मागच्या उन्हाळ्यात बेंगळूरहून दोन पोरं आली,
हातोडीशेजारी माईक लावून बसली.
प्रत्येक टोल्यानंतर, हे काय? आणि हे काय?
मामा सांगायचे, पोरं टिपायची.
एकदा मामा थांबले. म्हणाले,
'ह्याला नाव नाही गा.
हे बद्द न्हवं, पण उद्या बद्द होणार.'
पोरांनी त्याचाही एक रकाना केला.
अकरा दिवसांचा ओव्हरटाइम मीच काढला,
तीन हजार आठशे चाळीस.
नातवाच्या सायकलचं एक चाक झालं, मामा म्हणाले,
दुसरं दिवाळीला बघू.

आता टोला यंत्र मारतं, ऐकतंही तेच.
टॅबवर हिरवं उठलं की डावीकडे, तांबडं उठलं की भट्टीत.
समोर रेणुका तळवार उभी असते, सुळेभावीची,
आयटीआय झालेली, नोकरीला आठ महिने.
तिचे अठ्ठावीसशे वाढले, कारण ती आता निरीक्षक.
मामांचा इन्सेंटिव्ह गेला, ओव्हरटाइम गेला,
कारण निरीक्षण आता कुणालाही येतं.
मामा हल्ली ट्रॉली ढकलतात.

साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, दरी बुजतेय.
बुजतेय खरी, मला रकान्यात दिसते:
तेरा हजार, मग दहा, मग दोन.
पण टेकडी उतरली जेवढी
तेवढी दरी भरली नाही.
उरलेली माती कुठे नेऊन टाकली
ते माझ्या एकोणीस रकान्यांत नाही.
ती दुसऱ्या फायलीत आहे,
एक तारखेला, आम्हा सगळ्यांच्या आधी,
बेंगळूरला जाते. वर्गणी म्हणतात तिला.
त्या कानाला पीएफ नंबर नाही.
त्यात मळ होत नाही.

गणपतीच्या महिन्यात रेणुकानं रात्रपाळ्या केल्या.
चिठ्ठी घेऊन खिडकीशी आली.
'अक्का, यात व्यत्यास आहे.'
कन्नडात व्यत्यास म्हणजे फरक,
काहीतरी चुकलंय, असं तिला म्हणायचं होतं.
मी नववीत भूमितीत शिकले तो व्यत्यास वेगळा:
विधान उलटं करायचं
आणि बघायचं, अजून खरं ठरतं का.

मी दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या.
तिची तीनशे बारा रुपयांनी जास्त.
पुन्हा बेरीज केली. बरोबर होती.
'मामांना सांगू नका,' ती म्हणाली.
तिनं चिठ्ठीची एवढीशी घडी केली,
नखाएवढी.

संध्याकाळी मामा आले, हात धुऊन,
बाकावर बसले, डोळे मिटले.
मी वाचलं: मूळ, भत्ता, कपात, हातात.
ते मान हलवत होते.
मग म्हणाले, 'आणि त्या पोरीचं?'
मी आकडा सांगितला,
पाचशे कमी करून.

मामांनी डोळे उघडले नाहीत.
'बद्द वाजलीस गं बाई,' म्हणाले,
आणि चिठ्ठी टोपीत ठेवून
यळ्ळूरच्या बसला गेले.